जेरोनिमोसचे सहा खांब

आपल्या मंडळाचे चिटणीस गेली काही वर्षे माझ्या मागे लागले आहेत, "साहेब, लिस्बनच्या त्या मठाबद्दल स्मरणिकेत लिहाच." मी सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. आजवर जे काही लिहिले ते मेजरमेंट बुकात. तेव्हा वाचकांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

एर्नाकुलमला बदलून आलेल्या प्रत्येक मराठी माणसाचे एक ठरलेले कर्तव्य असते: गावाकडून आलेल्या पाहुण्यांना फोर्ट कोची दाखवणे. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची रिकामी कबर आहे. २४ डिसेंबर १५२४ रोजी तो इथे कोचीत वारला, इथेच त्याला पुरले आणि पुढे चौदाएक वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. ही माहिती मी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली आहे, की घरचे म्हणतात, आता गाइडचे लायसन्स काढा.

२०१९ च्या मे महिन्यात लिस्बनला जाण्याचा योग आला. माझी भाची तेव्हा तिथे शिकत होती. म्हणाली, "मामा, रिकामी कबर खूप वेळा पाहिलीस. आता भरलेली बघायला ये."

शहरातून बेलेमला लोकल गाडीने गेलो. सवयीने आधी रूळ पाहिले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्यांचा १६६८. फरक फक्त आठ मिलिमीटरचा! वर तारेत १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे १९२५ साली मुंबईची लोकल ज्यावर सुरू झाली तोच दाब. त्यांच्या या मार्गाचे विद्युतीकरण १९२६ चे. परक्या देशात एकदम घरच्यासारखे वाटले.

बेलेम म्हणजे टेगस नदीचा काठ. इथूनच ८ जुलै १४९७ रोजी गामाची जहाजे निघाली. पूर्वी इथे खलाशांसाठी एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. त्या जागी मानुएल राजाने १५०१-०२ च्या सुमारास हा प्रचंड मठ बांधायला घेतला. काम जवळजवळ शतकभर चालले. संत जेरोमच्या पंथाचे साधू इथे ठेवले, म्हणून नाव जेरोनिमोस. त्यांचे काम एकच: राजासाठी आणि समुद्रावर गेलेल्या खलाशांसाठी प्रार्थना करणे.

पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर सुमारे ५ टक्के कर बसवला होता. वर्षाला अंदाजे ७० किलो सोन्याच्या किमतीइतके त्याचे उत्पन्न. या कराचे नावच 'मिरीचा विसावा हिस्सा'. गंमत अशी, की खुद्द मिरी, दालचिनी आणि लवंग यांचे उत्पन्न राजा थेट स्वतःच्या तिजोरीत घेई. मठाच्या वाट्याला आला तो उरलेल्या मालावरचा कर. उरलेल्यावर एवढे झाले, तर मुख्य मालावर काय झाले असेल!

आता इमारतीबद्दल. पहिला स्थपती दियोगो दे बोइताका. १५१७ पासून जुआंव दे कास्टिल्यो. दगड तिथलाच, पांढरट सोनेरी चुनखडी. दाराखिडक्यांभोवती दोरखंड, समुद्री वनस्पती, खगोलयंत्राचे गोल असे कोरीव काम आहे. जणू जहाजावरचे सामानच दगडात उतरवले आहे. भिक्षूंचा चौक साधारण ५५ मीटर लांब-रुंद, दुमजली, आणि प्रत्येक कमानीची नक्षी डोळ्यांचे पारणे फेडणारी.

पण मी अडकलो ते चर्चच्या आत. तिन्ही दालनांचे छत एकाच उंचीवर, सुमारे २५ मीटर, आणि ते पेलायला फक्त सहा बारीक खांब. खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फुटतात आणि छतभर फासळ्यांची जाळी होते. युक्ती अशी, की मधल्या आणि बाजूच्या छतांची उंची सारखी असल्याने त्यांचे आडवे रेटे खांबावर समोरासमोर भिडतात आणि एकमेकांना थोपवतात. खांबाला मुख्यतः सरळ खाली येणारे वजन घ्यावे लागते, म्हणून तो बारीक चालतो. बाहेरचा रेटा जाड भिंती सोसतात. पुढे वेदीसमोर तर सुमारे २९ मीटर लांब आणि १९ मीटर रुंद छत एकाही खांबाशिवाय आहे. सिमेंट नाही, सळई नाही! १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त केला, पण हा मठ फार मोठी हानी न होता टिकला.

दारातून शिरताच डावीकडे गामाची कबर, उजवीकडे कामोइश कवीची. हा कवी काही वर्षे आपल्या गोव्यातही राहून गेला. गामाच्या कबरीपुढे मी थोडा वेळ उभा राहिलो. हात मात्र जोडले गेले नाहीत. १५०२ साली याच माणसाने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळले होते. दर्यावर्दी मोठा खरा, पण हेही विसरता येत नाही.

मग भाचीने पुस्तकातून वाचून दाखवले, ते ऐकून मी बाकावर बसलोच. १८३३-३४ मध्ये देशातले मठ बंद झाले आणि ही वास्तू अनाथ मुलांच्या संस्थेकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे 'सुशोभीकरण' निघाले. काम दिले दोन इटालियन नेपथ्यकारांना, रंगभूमीवर देखावे उभारणाऱ्यांना. त्यांनी लांबलचक वसतिगृहाच्या मधोमध एक भव्य मनोरा चढवायला घेतला. डिसेंबर १८७८ मध्ये तो बांधता बांधताच कोसळला आणि कामगार ठार झाले. भूकंपातून वाचलेल्या वास्तूत माणसे मेली ती माणसांच्याच कामाने.

"त्यांची नावे आहेत का?" मी विचारले. भाचीने पाने उलटली. त्या पुस्तकात नव्हती.

मी नोकरीत नवीन असतानाची गोष्ट आठवली. दूरच्या एका विभागात जिन्याचा स्लॅब पडणार होता. आदल्या रात्री पाऊस झालेला. सेंटरिंगच्या बल्ल्यांखालची माती भिजली होती. मी वरून सळया मोजल्या, खाली वाकून पाहिले नाही आणि रजिस्टरवर सही केली. दुपारी दोन बल्ल्या खचल्या. एक मजूर गेला. चौकशीच्या अहवालात 'एक मजूर' एवढेच होते. मला त्याचे नाव माहीत होते. त्याची बायको मुलाला घेऊन साइटवर आली होती, तेव्हा तिच्याशी एक शब्दही बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. आजही तो विषय निघाला की माझा आवाज बसतो.

कास्टिल्योच्या छताखालीही तेव्हा लाकडी सेंटरिंगच असणार. त्याखाली कुणी ना कुणी वाकून पाहिले असेल, म्हणून ते पाचशे वर्षे उभे आहे. तिथे बसून मला कारागिरीचे कौतुक वाटले, पण त्याहून जास्त वाटला तो त्या वाकून पाहणाऱ्याबद्दलचा आदर.

लिस्बनहून आलो तेव्हापासून मंडळाच्या मांडवाचे काम मी मागून घेतले आहे. स्थापनेच्या आदल्या रात्री मी प्रत्येक बांबू हलवून पाहतो, खालची माती पायाने दाबून पाहतो. तरुण मंडळी हसतात, "काका, मांडव आहे, पूल नव्हे." हसू देत. यंदा मात्र त्यांच्यापैकी दोघांनी तरी टॉर्च घेऊन माझ्याबरोबर यावे, एवढीच विनंती. बाप्पा वर बसतो, पण खाली उभी असतात ती आपलीच माणसे.

गणपती बाप्पा मोरया!