गिधाडांसाठी उत्सव? होय, आणि त्यामागे कारणही तसंच आहे

सप्टेंबरचा पहिला शनिवार जगभर आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. कुरूप, अशुभ म्हणून हिणवल्या गेलेल्या पक्ष्यासाठी एक खास दिवस का?

गिधाडं करतात काय?
मेलेलं जनावर उघड्यावर सडलं की रोगजंतू पसरतात. गिधाडांचा थवा त्याचा काही तासांत फडशा पाडतो. त्यांच्या पोटातल्या तीव्र आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. गिधाडं नसली की तेच मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला जातं. कुत्री वाढतात आणि रेबीजचा धोकाही वाढतो.

मग ती गेली कुठे?
1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. कारण 2004 मध्ये जगासमोर आलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. गिधाडं थव्याने खातात, त्यामुळे शंभरातलं एखादं जनावर विषारी असलं तरी ऱ्हासाला पुरतं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून भर निघायला वेळ लागतो.

2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही आली.

महाराष्ट्रात काय चाललंय?
रायगडच्या म्हसळा तालुक्यातलं चिरगाव गिधाडांचं गाव म्हणून ओळखलं जातं. इथे गावकऱ्यांच्या साथीने घरट्यांची झाडं राखली गेली आणि गिधाडांसाठी मेलेल्या जनावरांची सोय झाली. ही झाडं महत्त्वाची, कारण पांढऱ्या पाठीचं गिधाड बहुतेक वेळा उंच झाडावर घरटं करतं. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने याच किनारपट्टीवर असंख्य झाडं पाडली.

2024 च्या सुरुवातीला हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रातून 20 गिधाडं पेंच आणि ताडोबात आणली गेली.

आपण काय करू शकतो?
गाय, बैल किंवा म्हैस आजारी पडली तर पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅमचा पर्याय आहे का, हे विचारा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक जनावरांना टोचू नका. घरटं असलेलं झाड तोडू नका.

रामायणात सीतेसाठी लढणारा जटायूही गिधाडच मानला जातो. आता त्याच्यासाठी उभं राहायची पाळी आपली आहे.