मोटारशर्यतींतील एंजिनविषयक विवाद

शर्यतीच्या मोटारगाडीच्या एंजिनावर घातलेल्या निर्बंधांचा अर्थ कसा लावावा आणि ते पाळले गेले की नाही हे कोणत्या चाचणीने ठरवावे, यांविषयी स्पर्धक संघ व नियंत्रक संस्था यांच्यात उद्‌भवणारे वाद. वेगाला मर्यादा राहावी व स्पर्धा समान पातळीवर व्हावी, यांसाठी असे निर्बंध घालण्यात येतात. तथापि नियम शब्दांत लिहिलेला असतो, तर त्याचे पालन उपकरणाने मोजले जाते. या दोहोंत जे अंतर राहते, त्यातच बहुतेक वादांचे मूळ आढळते.

फॉर्म्युला वन शर्यतींत १९६६ पासून ३,००० घ. सेंमी.पर्यंतचे साधे किंवा १,५०० घ. सेंमी.पर्यंतचे अतिभरित एंजिन वापरण्याची मुभा होती. दुसरा पर्याय दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९७७ मध्ये रनॉ या फ्रेंच कंपनीने टर्बो एंजिन शर्यतीत उतरविले आणि काही वर्षांतच तो प्रकार वरचढ ठरला. यात नियमभंग नव्हता. दोन्ही पर्याय तुल्यबळ राहतील हा नियमामागील अंदाज मात्र चुकला. अखेर १९८९ पासून अशा एंजिनांवर बंदी घालण्यात आली.

चाचणी चुकविण्याचे ठळक उदाहरण १९९५ च्या जागतिक रॅली स्पर्धेतील आहे. टर्बो एंजिनात जाणाऱ्या हवेवर मर्यादा राहावी म्हणून तिच्या मार्गात ठराविक व्यासाचे निरोधक कडे बसविणे सक्तीचे होते. स्पेनमधील कॅटलोनिया रॅलीत टोयोटा संघाच्या गाड्यांतील ही रचना तपासणीसाठी खोलली असता नियमानुसार दिसे. जोडलेल्या स्थितीत मात्र कडे सरकून त्याला वळसा घालून जादा हवा आत जाई. संघाचे त्या मोसमातील गुण रद्द होऊन त्याच्यावर बारा महिन्यांची बंदी आली.

टर्बो एंजिने २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये परतली, तेव्हा इंधनप्रवाह ताशी १०० किग्रॅ.पर्यंत मर्यादित करण्यात आला. प्रवाह मोजण्यासाठी श्राव्यातीत तरंगांवर चालणारा संवेदक होता. त्या वर्षी मेलबर्न येथे दुसरा आलेला रेड बुल संघाचा डॅनियल रिकार्डो मर्यादा ओलांडल्यावरून अपात्र ठरला. संवेदक सदोष असून आपले गणित अधिक अचूक आहे, असा संघाचा दावा होता. परंतु पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय अपील न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. मोजमापाचे साधन निवडण्याचा अधिकार स्पर्धकाला नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढे २०१९ मध्ये फेरारीच्या एंजिनाविषयी संशय व्यक्त झाला. मोजणीच्या दोन क्षणांमधील अवधीत इंधनप्रवाह वाढविता येईल काय, असा प्रश्न रेड बुलने आंतरराष्ट्रीय मोटार महासंघास विचारला. महासंघाने ते नियमबाह्य ठरविले. २०२० पासून दुसरा संवेदक सक्तीचा झाला. निर्विवाद पुरावा देणे अशक्य असल्याचे सांगून महासंघाने फेरारीशी गोपनीय तडजोड केली. फेरारीने नियमभंगाचा आरोप नाकारला होता. सात संघांनी या गोपनीयतेचा जाहीर निषेध केला. निर्णयाची कारणेच अज्ञात राहिल्याने दोष सिद्ध झाला नाही आणि संशयही फिटला नाही.

२०२६ च्या नियमांनी संपीडन गुणोत्तराची मर्यादा १८ वरून १६ वर आणली व ते सभोवतालच्या तापमानास मोजावे असे ठरविले. धातू तापल्यावर प्रसरण पावतो. त्यामुळे थंड एंजिन मर्यादेत राहून तापलेले एंजिन ती ओलांडू शकेल, अशी तक्रार मोसमापूर्वीच पुढे आली. चाचणीत बसणे म्हणजेच नियम पाळणे काय, हा जुनाच प्रश्न त्यातून पुन्हा उपस्थित झाला. अशा शर्यतीत निकालाची विश्वासार्हता केवळ गाडीच्या वेगावर नव्हे, तर नियमाइतक्याच काटेकोर व सर्वांना ज्ञात असलेल्या चाचणीवरही अवलंबून असते.