अ‍ॅनाफिलॅक्सिस

अ‍ॅनाफिलॅक्सिस : एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थावर रोगप्रतिकारयंत्रणेने अचानक दिलेली, सर्व शरीराला व्यापणारी आणि प्रसंगी प्राणघातक ठरणारी प्रतिक्रिया. हा अ‍ॅलर्जीचा सर्वांत तीव्र प्रकार होय. शेंगदाणा, कोळंबी, दूध व अंडी, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके आणि काही वेदनाशामके ही त्याची नेहमीची कारणे. लक्षणे बहुधा काही मिनिटांत दिसू लागतात. तळहातांना खाज सुटते, अंगावर पित्त उठते, ओठ व जीभ सुजते, आवाज बसतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळून शुद्ध हरपते. त्वचेवर काहीच न दिसता थेट रक्तदाब कोसळण्याचे प्रकारही घडतात आणि निदान चुकते ते बहुधा अशाच रुग्णांत.

या प्रतिक्रियेचा शोध उलट्या दिशेने लागला. १९०१ मध्ये मोनॅकोचा प्रिन्स पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिजेलिया या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास करीत होते. (पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यांवर वाहून येणारे निळे फुगे ते हेच.) पॅरिसला परतल्यावर त्यांनी त्याऐवजी समुद्रफूल या दुसऱ्या सागरी जीवाचे विष घेतले. कुत्र्यांना थोडे थोडे विष देऊन ते पचवायला शिकवावे, हा त्यांचा हेतू. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा थोडेसे विष टोचताच तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी पूर्वओळखच जिवावर उठली होती. १९०२ मध्ये या दोघांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोबेल पारितोषिक मात्र १९१३ मध्ये एकट्या रिशे यांना मिळाले.

ही पूर्वओळख रक्तात असते, हे कार्ल प्राउस्निट्स आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी १९२१ मध्ये दाखवले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तद्रवाचा थेंब प्राउस्निट्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तिथे गांधी उठली. रक्तातला तो घटक ओळखायला आणखी साडेचार दशके लागली. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. १९६८ मध्ये त्याला आयजीई प्रतिपिंड हे नाव मिळाले.

घटनाक्रमाचे दोन टप्पे असतात. पहिला मुका असतो. पदार्थाशी पहिल्यांदा संबंध येतो तेव्हा काही व्यक्तींमध्ये टी-पेशींच्या रसायनांमुळे बी-पेशी त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार करू लागतात. रक्तात ते दोन-तीन दिवसच टिकते. पण त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्यांतील मास्ट पेशींवर चिकटून बसलेले आयजीई आठवडेच्या आठवडे तसेच राहते. माणसाला याची काहीच जाणीव नसते. पदार्थ पुन्हा शरीरात शिरला की त्याचा एक कण शेजारशेजारच्या आयजीई रेणूंना एकदम पकडून जोडतो. ही जोडणी होताच मास्ट पेशीत कॅल्शियम शिरते आणि आत साठवलेले हिस्टामिन, ट्रिप्टेज आदी द्रव्ये बाहेर पडतात. पाठोपाठ ल्युकोट्राइनसारखी नवी रसायने तयार होतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, श्वासनलिका आवळतात. गंभीर झटक्यात दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतील तिसरा हिस्सा द्रव ऊतींमध्ये जाऊ शकतो. रक्तस्राव न होताही रक्त कमी पडते, ते असे.

सर्वच झटके आयजीईमुळे येत नाहीत. मॉर्फिनसारखी औषधे आणि क्ष-किरण तपासणीत टोचले जाणारे काही द्रव मास्ट पेशींना थेट उत्तेजित करू शकतात; त्यामुळे पहिल्याच वेळी प्रतिक्रिया येऊ शकते. घोड्याच्या रक्तापासून बनणारे प्रतिसर्पविषही याच कारणाने जपून द्यावे लागते. श्रीलंकेत हजारांवर सर्पदंश रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिसर्पविषाआधी अल्प मात्रेत अ‍ॅड्रेनालिन दिल्याने गंभीर प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या घटल्या. आग्या मोहोळ उठून शेकडो डंखांनी येणारे मरण मात्र बहुधा विषाच्या मात्रेचे असते. अ‍ॅलर्जी असलेल्याला एकच डंख पुरतो.

उपचारात पहिले स्थान अ‍ॅड्रेनालिनलाच आहे. वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागातील स्नायूत. गरजेनुसार पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. ते वाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींना आवर घालते. अँटिहिस्टामिन खाज व गांधी शमवते, पण आवळलेला श्वासमार्ग किंवा कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला तास लागतात. तरी आधी हीच दोन औषधे द्यायची आणि अ‍ॅड्रेनालिन शेवटी, ही सवय अजून सुटलेली नाही, आणि ती घातक आहे. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये. बरे वाटल्यावरही काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, म्हणून देखरेख हवी. ज्या औषधाने झटका आला त्याचे नाव लिहून घ्यावे आणि प्रत्येक दवाखान्यात दाखवावे. ‘कसले तरी इंजेक्शन होते’ एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.