खडकातला ओटा

मागच्या महिन्यात आमच्या गटांच्या बायका बोरिवलीला कान्हेरीची लेणी बघायला गेल्या होत्या. चढून चढून दमल्यावर आमच्यातल्या एक आत्या एका लेण्याबाहेरच्या दगडी बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या दारातला ओटाच की!" गाइड मूर्तींबद्दल सांगत होता, पण माझं लक्ष त्या ओट्यावरच राहिलं. घरी आल्यावर मी त्याविषयी वाचलं. तेच आज सांगते.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. आज तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, जंगलाच्या मधोमध आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इथे लेणी कोरायला सुरुवात झाली आणि हे काम कितीतरी शतकं चालू राहिलं. शंभराहून जास्त लेणी आहेत. बौद्ध भिक्षू इथे राहायचे, पावसाळ्यात तर मुद्दाम एका जागी थांबायचे. सोपारा, कल्याण ही तेव्हाची मोठी बंदरं. तिथले व्यापारी आणि घरगृहस्थीची माणसं या कामाला पैसा द्यायची.

आता तो ओटा. तो बाहेरून आणून ठेवलेला नाही. कारागिरांनी खोली कोरताना बसण्यापुरता दगड राखला आणि बाकीचा काढून टाकला. आपण भिंत चुकलो तर पाडून पुन्हा बांधतो. इथे एकदा छिन्नी जास्त चालली की गेलेला दगड परत येत नाही. म्हणजे माणूस कुठे बसेल, त्याचं तोंड कुठे होईल, हे आधीच ठरवावं लागलं असणार. बहुतेक लेण्यांच्या ओसरीत किंवा अंगणात असं बसायला आहे. तिथे बसलं की समोर झाडी, खाली ओहोळ. जवळच खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून कोरलेले पन्हाळ. पाऊस बघायचा, तेच पाणी प्यायचं आणि बसायचंही त्याच डोंगरावर. अकराव्या लेण्यात तर आतल्या दालनात दोन लांबच लांब बुटके ओटे आहेत, आपल्या पंगतीसारखे. तिथे जेवणं होत असावीत असं अभ्यासक म्हणतात.

भिंतींवर दानाचे लेख आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या शोभना गोखले यांनी ते वाचून अभ्यासले आणि १९९१ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्या लेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय आणि बसायच्या जागांना 'आसनपेढिका'. म्हणजे टाकं दान द्यायचं तशी बसायची जागाही दान द्यायची वस्तू होती! आणि दान देणाऱ्यांत बायका आहेत. भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. कुणाची मुलगी, कुणाची आई ते लिहिलंय, पण बाईचं स्वतःचं नावही दगडात आहे.

नुसतं कोरून दिलं असंही नाही. पुढच्या खर्चासाठी 'अक्षयनीवी' ठेवायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या एका लेखात विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे, व्याज महिन्याला शेकडा एक. आपल्या गटाचं पासबुक वाचल्यासारखं वाटलं मला!

हे सगळं वाचताना गावचा पार डोळ्यांसमोर होता. पार हीसुद्धा जागा बघूनच केलेली बैठक. वड किंवा पिंपळ आधीचा, दगड त्याच्याभोवती मागून रचलेले. आत माती, दगडांच्या सांदीतून पाणी मुळांना. माणसाला सावली आणि झाडाला आधार. पण त्या पारावर बसतं कोण? मी लग्न होऊन आल्याला चौदा वर्षं झाली. समोरून रोज जाते, पदर सावरून, जरा पाय उचलून. वटपौर्णिमेला आम्ही बायका तिथे दोरा गुंडाळायला जातो, टेकायला नाही. आणि आता पारावर सिमेंट ओतून गुळगुळीत फरशी बसवलीय, खोडाला अगदी चिकटून. पावसाचं पाणी वरच्यावर वाहून जातं. वडाच्या एका बाजूची पानं यंदा लवकर गळली, ते आधी दिसलं शेळ्या राखणाऱ्या बाईला.

सहलीहून आल्यावर आमच्या बैठकीत एक विषय निघाला. एसटी थांब्याजवळच्या चिंचेखाली बाया तासतासभर उभ्या असतात, काखेत पोर, हातात पिशवी. तिथे ओटा करायचा. दगड पडक्या वाड्याचे मिळतील. सिमेंट नाही, खोडापासून दोन हात जागा मोकळी, आणि तोंड रस्त्याकडे नको, शेताकडे हवं, असं बायांनीच ठरवलं. रस्त्याकडे तोंड केलं की येणाराजाणारा आधी कोण बसलंय ते बघतो, म्हणून. एसटीचा आवाज काय, पाठीमागूनही येतो!

ग्रामसभेसाठी अर्ज लिहून झालाय. त्यावर सह्या नाहीतर अंगठे मिळून ३७ बायांचे आहेत. शेवटी आत्यांनीच विचारलं, "दगडावर नाव कुणाचं घालायचं? गटाचं, का प्रत्येकीचं?" गटाचं नाव घालायला खर्च कमी येतो. पण प्रत्येकीचं हवं असं म्हणणाऱ्याही बऱ्याच निघाल्या. येत्या गुरुवारच्या बैठकीत ते ठरेल.