मेणबत्ती, मधमाशीच्या मेणाची
मध काढून उरलेल्या पोळ्याच्या मेणाची, घरी साच्यात ओतलेली मेणबत्ती. दिंडोरीच्या (जि. नाशिक) डोंगरपट्ट्यात आग्या व सातेरी माश्यांची पोळी आढळतात. पोळे गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळतात. मेण वर तरंगून थिजते. लोखंडी भांड्यात ते काळवंडते. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून आचेवर थेट न ठेवता गरम पाण्यातल्या भांड्यात ठेवावे. जुन्या पत्र्याच्या साच्यात मेणबत्ती उलटी ओततात. साच्याच्या नळीच्या खालच्या भोकातून सुती वात ओवून गाठ मारतात, वर काडीला ताणून बांधतात. थिजताना मेण आकसून खड्डा पडतो. तो पुन्हा भरावा लागतो. अडकलेली मेणबत्ती काढायला साचा क्षणभर गरम पाण्यात बुडवावा. ठोकाठोक नकोच, पत्र्याला पोचा पडला, की पुढची एकही मेणबत्ती सरळ सुटत नाही.