नाव झाकलेली उत्तरपत्रिका

नागपूरकडून वर्ध्याला निघालेली पॅसेंजर बुटीबोरी, बोरखेडी ओलांडून सिंदीला येते. वर्धा शहराला लागून एक सिंदी (मेघे) आहे, म्हणून या सिंदीच्या नावाला ‘रेल्वे’ कायमचं चिकटलं. सेलू तालुक्यातलं हे नगर परिषदेचं गाव विदर्भाला ठाऊक आहे ते तान्ह्या पोळ्यामुळे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन बाहेर पडतात आणि कोणता नंदी कोणाच्या घरचा, हे बघणाऱ्यांना सांगावं लागत नाही. अशा गावात मुलाला अनोळखी राहता येत नाही. ‘तू कोणाचा पोट्टा रे?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात आडनाव, जात, गल्ली, बापाचा धंदा, सगळं येऊन जातं.

तोच मुलगा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसतो तेव्हा त्याला बजावलं जातं, की उत्तरपत्रिकेत नाव कुठेही लिहायचं नाही. शाळेचं नाही, गावाचं नाही. ओळख पटेल अशी खूण करायची नाही, परीक्षकाला उद्देशून विनंतीची ओळ लिहायची नाही. बैठक क्रमांक तेवढा ठरलेल्या जागी लिहायचा, बारकोडचं स्टिकर लावून घ्यायचं, आणि मग त्यावर होलोक्राफ्ट स्टिकर चिकटवून तो क्रमांकही झाकला जातो. गठ्ठा निघतो आणि ज्या शिक्षकाच्या हाती तो पडतो, त्याच्यापुढे फक्त अक्षर आणि उत्तर असतं.

परीक्षेच्या शिस्तीबद्दल बोलताना लोकांना आठवतात त्या चपला बाहेर काढायला लावणाऱ्या बाई, भरारी पथकाची गाडी आणि ‘रस्टिकेट’ झालेला वर्गमित्र. पण या साऱ्या नियमांमध्ये जुना आणि सर्वांत मोलाचा नियम हा नाव झाकण्याचा आहे. बाकीचे पुष्कळसे नियम त्याच्या भोवती नंतर उभे राहिले.

नियमाचं मूळ चीनमध्ये सापडतं. तिथे राजदरबारातल्या नोकऱ्यांसाठी शेकडो वर्षं लेखी परीक्षा होत. सुंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, उमेदवाराचं नाव कागद चिकटवून बंद करण्यावरच अधिकारी थांबले नाहीत. हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखता येतो, म्हणून कारकून बसवून प्रत्येक उत्तराची नक्कल काढली जाई आणि परीक्षक ती नक्कल वाचत. पुढे मिंग आणि छिंग राजवटींत उमेदवाराची प्रत काळ्या शाईत आणि कारकुनाची लाल शाईत, अशी व्यवस्था होती. वशिला थोपवायचा तर ओळखच पुसावी लागते, हे त्या लोकांनी फार लवकर जाणलं होतं.

मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या विदर्भाच्या या भागात, सार्वजनिक परीक्षा आली ती इंग्रजी विद्यापीठांबरोबर. १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये, आणि वर्धा शहर वसलं तेही त्याच काळात. इथल्या मुलांची प्रवेश परीक्षा मात्र आधी कोलकाता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या हाती होती. शेकडो मैलांवरचा, मराठीचा एक शब्दही न कळणारा परीक्षक नागपूर-वर्ध्याच्या मुलाचं भवितव्य ठरवत होता. त्यात अन्याय होताच. परक्या भाषेत, परक्या अभ्यासक्रमावर मुलाला तोललं जात होतं. तरी त्या परक्या परीक्षकाला मुलाचं घराणं माहीत नव्हतं, एवढी एक गोष्ट मुलाच्या बाजूची होती.

मध्य प्रांतात हायस्कूल शिक्षण मंडळाचा कायदा झाला १९२२ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि इथल्या परीक्षा विदर्भ माध्यमिक शिक्षण मंडळाकडे गेल्या. १ जानेवारी १९६६ रोजी साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच राज्य मंडळ अस्तित्वात आलं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नवी शालान्त परीक्षा पहिल्यांदा झाली ती मार्च १९७५ मध्ये. सिंदीतल्या एखाद्या घरात आजोबा, वडील आणि नातू यांची प्रमाणपत्रं एकत्र मांडली, तर तीन वेगवेगळ्या राज्यांचे शिक्के दिसू शकतील. गाव जागचं हललं नाही, राज्यं बदलली.

नाव झाकण्याने काय साधतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राला पाठ असलं पाहिजे. भीमराव आंबेडकर साताऱ्याला शाळेत होते तेव्हा त्यांना इतर मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. १९०७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आज हा आकडा कोणाला किरकोळ वाटेल, पण त्या निकालानंतर मुंबईत त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. वर्गात जात पाहून जागा ठरत होती, कागदावर मात्र गुण ठरले ते उत्तरांवरून. ही फट लहान होती, पण तिच्यातून जो माणूस पुढे गेला त्याने देशाची घटना लिहिली.

निकालातही क्रमांकाचंच राज्य होतं. इंटरनेट येण्याआधी वर्तमानपत्रांत उत्तीर्णांचे बैठक क्रमांक छापून येत, बारीक टायपात, पानंच्या पानं. नागपूरचे अंक गावात आले की चौकात एकाच अंकावर दहा-पंधरा डोकी वाकत. आपला क्रमांक सापडला तर पास, नाही सापडला तर पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचं. नावानिशी छापली जाई ती फक्त गुणवत्ता यादी, आणि तीही पुढे मंडळाने बंद केली.

या परीक्षेवरचा सर्वांत जोरकस हल्ला कुठून झाला, हे सिंदीकरांनी अभिमानाने सांगावं असं आहे. तो त्यांच्याच जिल्ह्याच्या गावातून झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मध्य प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल तिथे होते. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् अशी माणसं होती. दोन महिन्यांच्या आत अहवाल तयार झाला. देशातली परीक्षापद्धती हा शिक्षणाला लागलेला शाप आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. मुलाला वरच्या वर्गात घालायचं की नाही, हे त्याच्या शाळेतल्या शिक्षकांनी ठरवावं. शाळेचं काम नीट चाललं आहे का, हे अधिकाऱ्यांनी काही निवडक मुलांची चाचणी घेऊन तपासावं. प्रत्येक मुलाला दरवर्षी चरकातून काढायची गरज नाही.

हा विचार सेवाग्रामला आनंद निकेतनमध्ये काही वर्षं जगला. पण राज्यकर्त्यांनी हस्तोद्योगावर बेतलेल्या या वर्धा योजनेतली, म्हणजे नई तालीममधली, टकळी उचलली आणि परीक्षेबद्दलचं म्हणणं बाजूला ठेवलं. नोकरीला प्रमाणपत्र लागत होतं, प्रमाणपत्राला गुण लागत होते, आणि दहावीच्या तीन तासांवर कॉलेज, डिप्लोमा, तलाठ्याची जागा, लग्नाचं स्थळ असं एकावर एक ओझं चढत गेलं. वर्ध्याच्या अहवालाने सांगितलेला शाप पुढच्या पन्नास वर्षांत खरा ठरला. ज्या परीक्षेवर सगळंच अवलंबून, तिच्यात चोरीही होणारच.

मग पहाऱ्याचे नियम आले. महाराष्ट्राने १९८२ मध्ये परीक्षांमधल्या गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा केला. प्रश्नपत्रिका फोडणं, दुसऱ्याच्या नावावर तोतया बसवणं, बाहेरून उत्तरं पुरवणं हे त्याने गुन्हे ठरवले. परीक्षाकेंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवण्याचे आदेश निघू लागले. विद्यार्थ्यासाठी मंडळाची शिक्षासूची आहे. गैरमार्गाच्या प्रकारानुसार त्या परीक्षेची संपादणूक रद्द होते आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची जी मोहीम चालवली, ती ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. तिच्यातली खरी गोष्ट वेगळीच होती. कॉपी हा एकट्या पोराचा अपराध नसतो, खिडकीपाशी उभे असलेले नातेवाईक आणि डोळेझाक करणारी शाळा हेही त्यात असतात, हे एका जिल्हाधिकाऱ्याने उघडपणे मान्य केलं.

आज प्रश्नपत्रिकेचा प्रवासही मुलाइतकाच पहाऱ्यात होतो. प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षकाच्या कोठडीतून रनर सीलबंद पाकिटं घेऊन केंद्रावर येतो. पंचवीस मुलांच्या ब्लॉकमध्ये पर्यवेक्षक पाकीट सगळ्यांसमोर फोडतो आणि ते सीलबंद होतं याबद्दल दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतो. ही सही फार मोलाची आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला इथे संशयित न मानता साक्षीदार मानलेलं आहे. उलटा प्रकार २०२३ मध्ये घडला. वाचायला म्हणून दहा मिनिटं आधी मिळणारी प्रश्नपत्रिका समाजमाध्यमांवर फिरते, अशा तक्रारींनंतर मंडळाने ती सवलत काढली. मुलं आणि पालक नाराज झाले तेव्हा दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळाली. चोरी केली मूठभरांनी आणि प्रश्नपत्रिका शांतपणे वाचून घेण्याची वेळ गेली लाखो मुलांची.

केंद्र सरकारचा सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा जून २०२४ मध्ये अमलात आला. त्यात संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. राज्य मंडळांच्या दहावी-बारावीला तो लागू नाही, पण त्यातली एक भूमिका शहाणपणाची आहे. शिक्षा पेपर फोडणाऱ्या टोळ्यांना आहे, परीक्षार्थीला त्या कायद्याखाली तुरुंग नाही.

नाव झाकण्याचा नियम सुटला की काय होतं, हे करोनाच्या वर्षी दिसलं. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचं शाळेतलं मूल्यमापन यांवरून निकाल लागला. उत्तीर्णांचं प्रमाण होतं ९९.९५ टक्के. वर्ध्याच्या अहवालाने शिक्षकावर सोपवलेला निर्णय इथे महामारीने शिक्षकाच्या हातात दिला, पण घाईत, कसल्याही तयारीशिवाय. ओळखीच्या मुलाला नापास करायला कोणाचा हात उठणार? त्यासाठी शिक्षकांना बोल लावणं बरोबर नाही. रोजच्या मूल्यमापनाची सवय आणि बाहेरून होणारी तपासणी या दोन्ही गोष्टी झाकिर हुसेन समितीने सांगितल्या होत्या, आणि त्यांतली एकही कोणी उभी केली नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये तर ओळख थेट कागदावर आली. बारावीच्या प्रवेशपत्रावर मंडळाने विद्यार्थ्याचा जातप्रवर्ग छापला. शाळेच्या नोंदीतली चूक वेळीच दुरुस्त व्हावी, शिष्यवृत्तीला अडचण येऊ नये, असं कारण देण्यात आलं. हेतू चांगला असेलही. पण प्रवेशपत्र बाकावर उघडं असतं, पर्यवेक्षक ते हातात घेऊन पाहतो, शेजारचा मुलगा वाचू शकतो. राज्यभर टीका झाली, मंडळाने दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात ती प्रवेशपत्रं मागे घेऊन नवी दिली. उत्तरपत्रिकेवरचा क्रमांकसुद्धा स्टिकरखाली झाकणाऱ्या मंडळाकडून ही चूक व्हायला नको होती. ती इतक्या लवकर सुधारली गेली, कारण तो नियम कशासाठी आहे हे लोकांना अजून नीट कळतं.

नियम पाळायला मुलांना सांगायचं तर तो कशासाठी आहे हेही सांगायला हवं. सिंदीच्या, सेलूच्या, कुठल्याही गावच्या शाळेत फेब्रुवारीत सूचनांचा कागद वाचून दाखवला जातो, तेव्हा त्यात एक वाक्य वाढवता येईल. तुझं नाव लपवलं जातंय ते तुझ्यासाठी, तुझ्या बापाचं नाव तुझ्या आड येऊ नये म्हणून. आणि दुसरी गोष्ट निकालाच्या दिवशी सांगावी. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात निर्णय दिला, की आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र गुप्त राहील. राज्य मंडळही निकालानंतर ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं, आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकन मागता येतं. गुणांबद्दल शंका असेल तर गावात कुजबुज करत बसू नये, मुदत संपण्याआधी अर्ज भरावा.