रेशीम चीनचे, मग हडप्पाचा धागा कोणाचा?

१/ रेशीम हा चीनचा शोध आणि भारतात ते व्यापारमार्गाने आले, असे आपण शाळेपासून वाचतो. तुतीच्या रेशमापुरते ते खरे आहे. परंतु भारतीय रेशमाचा एक स्वतंत्र वंश आहे आणि त्याचा साक्षीदार आहे एक रानपतंग : टसर. #धागा

२/ हडप्पा व चन्हुदडो येथे सापडलेल्या अलंकारांतील सूक्ष्म तंतूंचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. काळ इ.स.पू. सुमारे २४५० ते २०००. हे तंतू रेशमाचे होते, आणि तेही अँथेरिया प्रजातीतील रानटी पतंगांचे. टसरचा पतंग याच प्रजातीतला.

३/ धाग्यावरून पतंग कसा ओळखावा? तुतीच्या रेशमाचा तंतू गुळगुळीत असतो. त्याचा छेद गोलसर कोनांच्या त्रिकोणासारखा दिसतो. टसरचा तंतू चपटा, पाचरीसारखा असून त्यावर उभ्या रेषा असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा भेद लपत नाही.

४/ आता पतंगाकडे वळू. चारही पंखांवर एकेक डोळ्यासारखा ठिपका, मध्यभागी पारदर्शक. मादी बहुधा पिवळसर वा करडी, नर तांबूस तपकिरी. ड्रुरी या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १७७३ साली त्याचे 'मायलिटा' असे नामकरण केले.

५/ अंड्यातून साधारण आठ-दहा दिवसांत अळी बाहेर पडते. ऐन, अर्जुन, साल यांची पाने खात ती चार वेळा कात टाकते आणि कोश विणते. हिवाळा-उन्हाळा कोशात निद्रिस्त राहून पतंग पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतो. तो काहीच खात नाही. मीलन व अंडी घालणे उरकून थोड्याच दिवसांत मरतो.

६/ टसरची खरी खूण त्याच्या कोशात आहे. अंड्याच्या आकाराचा कठीण कोश एका देठाने लोंबतो आणि देठाच्या टोकाचे कडे फांदीला घट्ट वेढते. तुतीच्या कोशाला असा देठ नसतो.

७/ महाराष्ट्रातही जुना पुरावा आहे. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन दफनात एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागा मिळाला. गुलाटी यांना त्यात रेशीम आढळले. हा अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारतात, म्हणून असे धागे टिकतात.

८/ भाषेचीही साक्ष काढू. पाणिनी 'कौशेय' हा शब्द 'कोश' यावरून सिद्ध करतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात आजही टसरला 'कोसा' म्हणतात. तेथील ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतो आणि पाखरांपासून त्यांची राखण करतो.

९/ चीनचे श्रेय याने उणे होत नाही. मात्र 'रेशीम बाहेरून आले' या एका वाक्यात जंगल, त्यातला पतंग आणि त्याला राखणारी माणसे इतिहासातून गळून पडतात. म्हणून रेशमाचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न हाच असावा : हा कोश कोणत्या झाडावरचा?